खिडकीतला आकडा

"आवो ताई, ह्या औषदात दमच न्हाई बगा," असं म्हणत मसूरच्या एका आजींनी पिशवीतून इन्सुलिनचं पेन काढलं आणि माझ्या काउंटरवर आपटलं. मार्चमधली दुपार होती. पेनाबरोबर डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या होत्या, रबरबँड लावून नीट जपलेल्या. पहिल्या चिठ्ठीत रात्रीचे १४ युनिट, मग १८, मग २२, आणि आता २८. चार महिन्यांत डोस दुप्पट झाला होता आणि उपाशीपोटीची शुगर तीनशेच्या खाली यायला तयार नव्हती.

कराडच्या एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं मेडिकल आहे. बी.फार्म. होऊन काउंटरला उभी राहिले, त्याला एकवीस वर्षं झाली. औषध जुनं झालंय, बनावट आहे, ह्या कंपनीचं लागू पडत नाही, अशा तक्रारी रोजच्याच. त्यांवर माझा एकच उपाय असतो. काउंटरखाली मी भांडी घासायचा एक कोरा स्पंज ठेवते. तो आजींपुढे सरकवला आणि म्हटलं, "आजी, हे तुमचं पोट समजा. रात्री कसं घेता ते मला करून दाखवा बघू."

आजींचा हात स्वच्छ होता. टोपण काढलं, नवी सुई आट्यावर बसवली, तिची दोन्ही झाकणं उतरवली. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून टिकटिक मोजत नॉब फिरवून खिडकीत २८ आणले. सुई स्पंजात खुपसली. आणि मग, अगदी सराईतपणे, तोच नॉब उलटा फिरवायला लागल्या. टिक, टिक, टिक. खिडकीत शून्य आलं. सुई काढून माझ्याकडे बघून हसल्या. "झालं की. झिरो आला."

स्पंज कोरडा ठक्क.

पेनाच्या मागचं बटण दाबलं तरच इन्सुलिन बाहेर येतं. नॉब उलटा फिरवला की आकडा फक्त मागे जातो, चुकून जास्त डोस लावला तर तो कमी करता यावा म्हणून ही सोय आहे. आजींना पेन देताना कुणीतरी घाईघाईत सांगितलं असणार की आकडा शून्यावर आला म्हणजे डोस गेला. ते खोटं नाही, अर्धं आहे. आजींनी तो शून्य आपल्या पद्धतीने आणला, आणि चार महिने थेंबभरही इन्सुलिन अंगात गेलं नाही.

चूक आजींइतकीच माझीही होती. पेनाच्या रिफिलमध्ये ३ मिली इन्सुलिन असतं, म्हणजे ३०० युनिट. रोज २८ घ्यायचे आणि आधी हवा काढायला २ उडवायचे, असे ३० धरले तर रिफिल बरोब्बर दहा दिवसांत संपते. आजींनी चार महिन्यांत माझ्याकडून सुया नेल्या, बाकीच्या गोळ्या नेल्या, दुसरी रिफिल एकदाही नेली नाही. हे माझ्या बिलांत लिहिलेलं होतं. मी बघितलं नाही. घरच्या माणसांना मी आता हाच हिशेब सांगते, कारण त्याला ना मशीन लागतं ना लॅब: रिफिल चालू केली त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा आणि किती दिवस पुरली ते बघा. वेळेआधी संपली तर कुठेतरी गळतंय किंवा डोस जास्त जातोय. संपतच नसेल तर जातच नाही.

आजींना बटण दाबायला शिकवून घरी पाठवणं मात्र धोक्याचं होतं. सरावाने हे आता कळतं, पहिल्या काही वर्षांत कळलं नसतं. कागदावरचे २८ युनिट हे न गेलेल्या इन्सुलिनवर चढवत नेलेले होते. त्या रात्री ते खरोखरच अंगात गेले असते तर शुगर धाडकन उतरली असती, आणि घरात आजी एकट्या. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, दहापासून सुरू करू, आणि तीन दिवसांनी शुगर तपासून मला कळवा. पद्धत सुधारली की डोस नव्याने ठरवावा लागतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पेनवाल्याला मी एक वाक्य ऐकवते, ऐकून ऐकून काही जण वैतागलेतही. खिडकीतला आकडा म्हणजे तुम्ही काय मागितलं ते. अंगात काय गेलं ते तो सांगत नाही.

पेन ही वस्तू तशी गुणाची आहे. इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं ते ११ जानेवारी १९२२ला, टोरोंटोत, लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला. त्यानंतर साठेक वर्षं साऱ्या जगाने बाटली आणि सिरिंजवरच काढली. काचेची सिरिंज उकळायची, सुईला धार लावायची, बाटलीतून मोजून ओढायचं, बुडबुडे टिचकीने उडवायचे. पहिलं पेन बाजारात आलं १९८५मध्ये, डेन्मार्कमधून. कल्पना शाईच्या पेनासारखीच: आत भरलेली नळी, पुढे टोक, खिशाला लावून हिंडा. आत एक दांडा आणि रबराचा दट्ट्या असतो. नॉब फिरवून किती पुढे जायचं ते दांड्याला सांगायचं आणि बटण दाबून त्याला ढकलायचं, एवढीच यंत्रणा. काही पेनं संपली की टाकून द्यायची, काहींत रिफिल बदलता येते. बदलता येणाऱ्या पेनात मात्र त्याच कंपनीची रिफिल बसते. दुसरीची जवळपास बसल्यासारखी वाटते, आणि 'जवळपास'नेच घात होतो. दांडा दट्ट्याला नीट टेकत नाही, आकडा फिरतो, बटणही दाबलं जातं, इन्सुलिन कमी जातं. "ताई, ती न्हाई तर दुसरी द्या की, औषध तर एकच हाय," हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. मी देत नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. जाऊ दे.

आता माझ्या आणखी एका चुकीबद्दल. ही गोष्ट मी आजवर दहा-बारा माणसांनाच सांगितली असेल.

दुकान काढून आठ-नऊ वर्षं झाली होती. रविवारची संध्याकाळ, लग्नसराई, दुकानात गर्दी. ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांचा मुलगा आला. "ताई, इन्सुलिनच्या दोन सिरिंज द्या." मी ड्रॉवर उघडून लाल टोपणाच्या दोन काढून दिल्या, पैसे घेतले, पुढच्या माणसाकडे वळले. सर बाटलीवर नाहीत, पेनावर आहेत, हे मला माहीत होतं. त्या दिवशी पेन फरशीवर पडून मोडलं होतं, रविवारी नवीन कुठून आणणार म्हणून मुलाने डोकं चालवलं: रिफिल तर शाबूत आहे, सिरिंजने त्यातून ओढून घेऊ. वीस युनिटची खूण बघून ओढलं आणि टोचलं.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक चाळीसचं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या खुणा त्याच हिशेबाने आखलेल्या. पेनाच्या रिफिलमध्ये शंभरचं असतं, एका मिलीत १०० युनिट, तेवढ्याच पाण्यात अडीचपट औषध. लाल सिरिंजवर वीसच्या खुणेपर्यंत अर्धा मिली भरतो. त्या अर्ध्या मिलीत सरांच्या अंगात २० नाही, ५० युनिट गेले. शंभरच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, तिचं टोपण केशरी. पण रिफिलमधून सिरिंजने ओढणं हेच मुळात चूक आहे. त्याने आत हवा शिरते, आणि काही नव्या पेनांत तर शंभरपेक्षाही जास्त तीव्रतेचं, दोनशे-तीनशेचं इन्सुलिन असतं. त्यावर कुठल्याच सिरिंजचा हिशेब चालत नाही.

रात्री साडेनऊला सरांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, मग ते काहीतरी बरळू लागले. काकूंनी ओळखलं. सर शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून त्यांनी साखरेचं पाणी पाजलं आणि मुलाने गाडी काढली. इन्सुलिन रेंगाळत काम करणारं होतं, म्हणून रात्रभर ग्लुकोजची बाटली लावून दवाखान्यात ठेवलं. सकाळी मुलगा माझ्याकडे आला. भांडायला नव्हे, विचारायला. मी त्याला खरं ते सांगितलं. सर पुढे बरीच वर्षं माझ्याकडूनच औषधं नेत राहिले, त्या रात्रीबद्दल मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पेन घरात असेल तर एक जादा पेन घरात असू द्या. मोडलं तर डॉक्टरांना फोन करा, एखादा डोस थोडा उशिरा गेला तरी चालतं का ते विचारा. सिरिंजचा जुगाड नको.

रोजच्या वापरातल्या काही गोष्टींवर मी जरा हटून बसते, बाकीच्या सोडून देते. स्पिरिटचा बोळा, उदाहरणार्थ. अंघोळ झालेली असेल आणि हात साबणाने धुतलेले असतील तर त्यावाचून बहुधा अडत नाही, लावलाच तर वाळू द्या, इतकंच. पण टोचण्याआधी दोन युनिट हवेत उडवायचे, यावर माझा हट्ट आहे. सुई लावायची, पेन उभं धरायचं, टोक छताकडे, रिफिलला नखाने टिचकी मारायची म्हणजे बुडबुडे वर येतात, २ वर लावून बटण दाबायचं. सुईच्या टोकाशी थेंब चमकला पाहिजे. नाही चमकला तर पुन्हा दोन. "येवढं म्हागाचं औषध वाया घालवायचं?" असा प्रश्न येतोच. त्या थेंबानेच कळतं की सुई चोंदलेली नाही, आत हवा नाही, दांडा दट्ट्याला टेकलेला आहे, आणि सुईचं आतलं छोटं झाकण तुम्ही काढलेलं आहे. हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. ते झाकण तसंच ठेवून टोचणारी माणसं मी पाहिली आहेत. प्लॅस्टिक कातडीवर टेकतं, इन्सुलिन झाकणातच साठतं, आकडा शून्यावर येतो आणि माणूस म्हणतं, "काय हलकी सुई आहे, दुखलंच नाही!"

दुसरा हट्ट दहा अंकांचा. बटण पूर्ण दाबून शून्य आला की लगेच सुई काढायची नाही. बटण दाबलेलंच ठेवून सावकाश दहा मोजायचे. सुई केसासारखी बारीक, तिच्यातून औषध उतरायला वेळ लागतो. लवकर काढलं की पोटावर थेंब ओघळतो, तो थेंब म्हणजे तुमच्या डोसातूनच गेलेला. ओगलेवाडीचे एक माळकरी आजोबा दहा वेळा 'पांडुरंग' म्हणतात. घड्याळात बघून आकडे मोजणाऱ्यांपेक्षा त्यांचं मोजणं निवांत असतं, आणि पोट कोरडं.

दुधाळ इन्सुलिन असेल तर त्याआधी आणखी एक काम. ताक तांब्यात ठेवलं की वर निवळ येते आणि दाट तळाला बसतं, तसंच ह्या इन्सुलिनचं. न हलवता घेतलं तर काही दिवस नुसती निवळ जाते आणि शेवटी शेवटी दाट. शुगर मग महिनाभर झोपाळ्यावर बसल्यासारखी वर-खाली. पेन दोन्ही तळहातांत धरून दहा वेळा लाटल्यासारखं फिरवायचं, मग दहा वेळा हळूच उलटंपालटं करायचं. आतला काचेचा मणी इकडून तिकडे पळताना दिसतो. खळाखळा हलवायचं नाही, फेस होतो. सगळं सारखं पांढरं झालं की घ्यायचं. याउलट जे मुळातच पाण्यासारखं नितळ असायला हवं ते गढूळ दिसलं, किंवा दुधाळमध्ये गुठळ्या दिसल्या, तर ते टाकून द्या.

सुईबद्दल बोलताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण सुया विकणारीच सांगणार की दरवेळी नवी घ्या. पण तेच खरं आहे. पेनाची सुई एकदाच वापरायची असते. दुसऱ्यांदा तिचं टोक बोथट झालेलं असतं, तिसऱ्यांदा दुखायला लागतं, आतला थेंब सुकून नळी चोंदते. त्याहून वाईट म्हणजे सुई पेनालाच लावून ठेवणं. उन्हात इन्सुलिन फुगून गळतं, गारव्यात आकसून हवा आत ओढतं, आणि पुढचा डोस चुकतो. सुईची किंमत जेमतेम एका चहाची, हे बोलायला सोपं. दिवसाला चार टोचणाऱ्या शेतमजूर बाईला ते महिन्याचे एकशेवीस चहा पडतात, हे मला दिसतं. अशांनी निदान डॉक्टरांना ते उघड सांगावं, सरकारी दवाखान्यात काय मिळतं ते बघावं. गपचूप तीच सुई आठवडाभर वापरू नये. लांबीचं म्हणाल तर ४ मिलिमीटरची सुई जवळपास सगळ्या मोठ्या माणसांना पुरते, बारीक असो की लठ्ठ. कातडीची जाडी सगळ्यांची साधारण सारखीच असते, फरक असतो तो खालच्या चरबीत. ४ची सुई सरळ उभी टोचायची, बहुतेकांना चिमटीही धरावी लागत नाही. साडीवरून, सदऱ्यावरून टोचायचं नाही.

माझ्या आईच्या बेंबीच्या डावीकडे एक गाठ होती, लिंबाएवढी, मऊ. सहा वर्षं ती तिथेच टोचत होती. मी स्वतः मेडिकलवाली, आणि मला ते कळलं ती आजारी पडल्यावर तिला अंघोळ घालताना. "तिथं दुखत नाही गं," हे तिचं कारण. खरंच दुखत नाही. एकाच जागी इन्सुलिन घेत राहिलं की तिथली चरबी वाढून गाठ होते आणि संवेदना कमी होते, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिथेच जातो. गाठीतून इन्सुलिन कसं उचललं जाईल याचा भरवसा नाही. एक दिवस निम्मं, एक दिवस उशिरा, एक दिवस एकदम. आईची शुगर 'लहरी' आहे असं आम्ही घरात सगळे म्हणायचो, लहर त्या गाठीची होती. डॉक्टरांनी जागा बदलायला सांगितलं आणि त्याच वाक्यात डोस कमी केला, कारण चांगल्या कातडीतून इन्सुलिन पूर्ण लागू पडतं. पोट, मांड्या, कुल्ले, दंडाची मागची बाजू, एवढ्या जागा असतात. बेंबीपासून दोन बोटं सोडायची. आई आता पोटाचे चार भाग करून दर आठवड्याला एक घेते, आणि त्या भागातही कालच्या टोचणीपासून बोटभर लांब. महिन्यातून एकदा तेलाच्या बोटांनी पोट चाचपून बघा. गाठ डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते.

थंडाव्याविषयी लोकांना अर्धं माहीत असतं. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचं, हे माहीत. म्हणून बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवतात. गोठलेलं इन्सुलिन वितळलं की दिसायला तसंच दिसतं, पण ते मेलेलं असतं. ते टाकूनच द्यावं लागतं. न उघडलेल्या रिफिली २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, एखाद्या डब्यात. वापरात असलेलं पेन फ्रिजबाहेरच बरं, घरातल्या गार, सावलीच्या जागी, पारा तिशीच्या आत राहील अशा ठिकाणी. थंडगार इन्सुलिन टोचताना झोंबतंही. बहुतेक इन्सुलिन उघडल्यावर २८ दिवस चालतं, काहींना जास्त मुदत असते, खोक्यातल्या चिठ्ठीत ते छापलेलं असतं. उरलं तरी मुदतीनंतर घ्यायचं नाही.

आणि ज्यांच्याकडे फ्रिजच नाही? कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीची कुटुंबं आमच्या भागात उतरतात, फडाशेजारी पाचटाच्या खोप्यांत राहतात. त्यांतल्या एका मावशींनी मला शिकवलं. त्यांच्या खोपीत एक मोठं मडकं होतं, त्यात ओली वाळू, वाळूत दुसरं लहान मडकं, वर ओलं फडकं. आत प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत इन्सुलिन. मडक्यातून झिरपणारं पाणी वाळताना आतली उष्णता घेऊन जातं, पाण्याच्या माठाचंच तत्त्व. मार्चच्या कोरड्या उन्हात हे छान चालतं, पावसाळ्याच्या दमट हवेत तितकं नाही. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण त्यांची डबी कोरडी असते आणि रिफिलवर तारखेची चिकटपट्टी असते. फ्रिज असलेल्या माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे ती नसते. एसटीच्या खिडकीत, मोटारसायकलच्या डिकीत, बंद गाडीत मात्र पेन ठेवायचं नाही, आणि विमानाने जाणाऱ्यांनी सामानात न टाकता हातातल्या पिशवीत.

एका घरातलं नवरा-बायकोचं जोडपं एकच पेन वापरत होतं. "दोघांला एकच इन्सुलिन लिवून दिलंय, सुई मातर आपापली," काका अभिमानाने सांगत होते. सुई बदलली तरी भागत नाही. टोचताना रक्ताचे डोळ्यांना न दिसणारे कण सुईतून मागे रिफिलमध्ये जाऊ शकतात, आणि त्यांच्याबरोबर कावीळ बी, सी, एचआयव्ही. पेन हे दात घासायच्या ब्रशासारखं, नवरा-बायकोतसुद्धा वाटायचं नाही. काकांना हे सांगताना काकू मान खाली घालून हसत होत्या. दोन पेनं घेऊन गेले.

ज्यांना जेवणाआधीचं एक आणि रात्रीचं दुसरं अशी दोन पेनं असतात, त्यांची अदलाबदल हा आणखी एक घोळ. एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हर काकांनी वीज गेलेली असताना झोपायच्या वेळचे २४ युनिट जेवणाच्या पेनातून घेतले. जेवणाचं इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागतं, रात्रीचं दिवसभर हळूहळू. लाइट आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, लगेच डॉक्टरांना फोन केला, आणि ती रात्र बोटं टोचून शुगर बघत आणि खात काढली. आता त्यांच्या एका पेनाला जाड रबरबँड गुंडाळलेला आहे, आणि ते पेन स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याशेजारी असतं, रात्रीचं उशाशी. अंधारातही बोटांना कळतं.

इन्सुलिनवर असलेल्या माणसाच्या घरात सगळ्यांना एक गोष्ट पाठ हवी. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, जीभ जड. शुगर ७०च्या खाली. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, वाढली नसेल तर पुन्हा तीच. बरं वाटलं की पोळी, भात असं काहीतरी खायला द्यायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. थेट दवाखाना गाठायचा.

वापरलेल्या सुया हा आमच्या गावात कुणी बोलत नाही असा विषय. आमच्या घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या एका ताईंच्या अंगठ्यात पेनाची सुई घुसली. कुणाच्या घरची, कळायला मार्ग नाही. त्यांना सहा महिने रक्ततपासणीच्या फेऱ्या आणि तोवरची झोप उडालेली. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातल्या वापरलेल्या सुया घातक कचऱ्यात घातल्या होत्या, त्या साध्या डब्यात टाकायच्या नाहीत. सुईला तिचं मोठं बाहेरचं झाकण लावून फिरवून काढायची आणि कपडे धुण्याच्या लिक्विडच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाकायची. पाण्याची पातळ बाटली नको. बाटली पाऊण भरली की झाकण पक्कं करून चिकटपट्टी लावायची आणि दवाखान्यात किंवा नगरपालिका सांगेल तिथे द्यायची. माझ्या दुकानात कोपऱ्यात एक डबा आहे, तो शेजारच्या दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर जातो. मसूरच्या आजी दर दोन महिन्यांनी त्यांची निळी बाटली घेऊन येतात. आजींचा डोस आता १२ युनिटवर स्थिरावला आहे, म्हणजे पहिल्या चिठ्ठीतल्या १४पेक्षाही कमी.

लाल टोपणाची सिरिंज मागणाऱ्या प्रत्येकाला मी आता विचारते, "घरी बाटली आहे की रिफिल?" गर्दीच्या वेळी माणसं चिडतात. एकाने सुनावलं, तुम्ही विकायला बसलाय की चौकशीला? त्याला मी सरांची रात्र सांगितली नाही, सिरिंज हातातच धरून उत्तराची वाट बघत राहिले. तुमच्या मेडिकलवाल्याने हा प्रश्न विचारला नाही, तर सिरिंज हातात घेण्याआधी तुम्हीच त्याला सांगा घरी काय आहे ते. आणि पुढच्या वेळी रिफिल आणायला जाल तेव्हा पेनही पिशवीत टाका. डॉक्टरांना, नर्सबाईंना, नाहीतर आम्हाला एकदा घेऊन दाखवा. स्पंज आमचा.